मृत्यूला ‘तुम्ही’ म्हणणारा नांगऱ्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींवरचा गेल्या रविवारच्या पुरवणीतला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदानं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. महाराष्ट्र शासनानं २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी केलेला कुशल मनुष्यबळाचा करार, तिकडे परिचारिकांना आणि इलेक्ट्रिशियनांना असलेली मागणी, जर्मन भाषेच्या ए-वनपासून बी-टूपर्यंतच्या पातळ्यांच्या परीक्षा, हे सगळं नीट मांडलं होतं. पेन्सिल थांबली ती शेवटच्या परिच्छेदात. ‘तसं पाहिलं तर गटेच्या आधी जर्मनमध्ये मुद्दाम वाचावं असं फारसं काही नाही,’ असं तिथे सहज लिहून टाकलं आहे.

हे खरं नाही. जर्मनचा महाकवी गटे, त्याचा फाउस्टसुद्धा आयत्या मातीतून घडला आहे. सैतानाशी करार करणाऱ्या डॉक्टर फाउस्टची कथा फ्रांकफुर्टच्या योहान श्पीस या मुद्रकानं १५८७ सालीच छापून बाजारात आणली होती. पण मला लागलं ते वेगळ्याच कारणानं. गेली दोन वर्षं माझ्या उशाशी जे पुस्तक आहे, ते गटेच्या जन्माआधी साडेतीनशे वर्षं लिहिलेलं आहे.

मी प्राध्यापक नाही. भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये चौतीस वर्षं काम केलं. यंत्रं जर्मन, ड्रॉइंगं जर्मन, त्यामुळे १९७९ ते १९८१ अशी दोन वर्षं पाळी संपली की पीएमटीनं फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या संध्याकाळच्या वर्गाला यायचो. हाताचा कटिंग ऑइलचा वास जायचा नाही, म्हणून मागच्या बाकावर बसायचो. १९८६ साली कंपनीनं श्टुटगार्टजवळ तीन महिने प्रशिक्षणाला पाठवलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं, त्यांच्याकडे त्याला माइस्टर म्हणतात, निघताना खिशात मावेल अशी पिवळ्या कव्हराची एक पुस्तिका हातात ठेवली. एका बाजूला जुनी जर्मन, समोर आजची जर्मन. ‘आत्ता नको वाचूस, लागेल तेव्हा वाच,’ एवढंच म्हणाला. ती पस्तीसहून जास्त वर्षं कपाटात व्हर्निअरच्या डबीमागे पडून होती.

दोन वर्षांपूर्वी, गौरी यायच्या आदल्या दिवशी, माझी पत्नी गेली. वैकुंठ स्मशानभूमीतून परत आल्यापासून तेराव्यापर्यंत माणसं येत राहिली. सगळी मायेची. ‘सुटली बिचारी.’ ‘चांगली माणसं देवाला आधी लागतात.’ ‘तुमचं सगळं झालंय आता, नामस्मरणात मन घाला.’ प्रत्येक वाक्य ऐकताना आत काहीतरी आवळत जायचं, आणि समोरच्याला उलट बोलावं असं त्यात काही चुकीचंही नसायचं. चौदाव्या दिवशी कपाट आवरताना ती पिवळी पुस्तिका निघाली.

पुस्तकाचं नाव ‘डेर आकरमान’, म्हणजे नांगरणारा. लिहिणारा योहानेस फॉन टेपल, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) साट्स या गावचा नगरलेखनिक आणि शाळामास्तर. काळ साधारण १४०१. आपल्याकडे ज्ञानेश्वरी होऊन शंभर-सव्वाशे वर्षं झाली होती. विषय इतकाच की एका माणसाची तरुण बायको, मार्गारेटा, १ ऑगस्ट १४०० रोजी वारली आणि त्यानं मृत्यूवर फिर्याद दाखल केली. तेहतीस प्रकरणं आणि शेवटी एक प्रार्थना. विषम प्रकरणांत नवरा बोलतो, सम प्रकरणांत मृत्यू उत्तर देतो, तेहतिसाव्यात देव निकाल देतो.

पहिलंच वाक्य शिव्याशापांचं आहे: सगळ्या देशांचा संहार करणाऱ्या, साऱ्या जगाच्या वैऱ्या, माणसांच्या खुन्या. मी ते वाचलं आणि वैकुंठातून आल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. सहाशे वर्षांपूर्वी कोणीतरी ‘सुटली बिचारी’ म्हणायला नकार दिला होता.

नवरा स्वतःची ओळख करून देतो ती अशी: मला नांगरणारा म्हणतात, माझा नांगर पक्ष्याच्या वस्त्राचा आहे. पक्ष्याचं वस्त्र म्हणजे पीस, पिसाची लेखणी. हा शेतातला नांगऱ्या नव्हे, कागदावर तास काढणारा आहे. बायकोचं नावही तो आधी सरळ सांगत नाही. वर्णमालेतलं माझं बारावं अक्षर तुम्ही हिरावून नेलंत, म्हणतो. आय आणि जे ही त्या काळी एकच अक्षर धरत, म्हणून एम बारावं येतं. मृत्यूही त्याच भाषेत उत्तर देतो. अठरावं, पहिलं, तिसरं आणि तेविसावं अक्षर ज्या गावाच्या नावात आहे तिथे मी नुकताच कामाला गेलो होतो, म्हणतो. यू-व्हीही एकच धरून, डब्ल्यू सोडून मोजलं तर एस, ए, सी, झेड. साट्स. त्या रात्री मी पत्नीच्या नावाचं अक्षर आपल्या व्यंजनांत मोजलं. २९वं.

यातला मृत्यू मूर्ख नाही, क्रूरही नाही. तो शांतपणे, मुद्देसूद बोलतो. आम्ही कोणाला नेलंच नसतं तर पृथ्वी अपुरी पडली असती, माणसानं माणसाला खाल्लं असतं. माणूस जिवंत झाला की त्याच क्षणी मरण्याइतका म्हातारा झालेला असतो. शोक कधीतरी सोडावाच लागतो. संसार म्हणजे कटकट, बायको म्हणजे बेडी. तेराव्यापर्यंत मला जे जे ऐकवलं गेलं, ते जवळजवळ सगळं या पुस्तकात मृत्यूच्या तोंडी आहे. नांगऱ्या एकेक मुद्दा ऐकून घेतो आणि पुन्हा तिथेच येतो: माझी बायको चांगली होती, ती माझी होती, मला भरपाई द्या.

निकालाच्या प्रकरणात देव आधी चार ऋतूंच्या भांडणाचा दाखला देतो. वसंत, ग्रीष्म, शरद, शिशिर, जो तो आपलंच थोर म्हणतो. मग म्हणतो, तुम्ही दोघंही चांगले भांडलात. याला दुःखानं तक्रार करायला लावलं, त्याला या तक्रारीनं खरं बोलायला लावलं. म्हणून फिर्यादीला मान, मृत्यूला विजय. जीव मृत्यूचा, देह मातीचा, आत्मा आमचा. शेवटी मार्गारेटासाठी प्रार्थना येते आणि त्या प्रार्थनेच्या परिच्छेदांच्या आद्याक्षरांत लेखकानं स्वतःचं नाव ओवून ठेवलं आहे: योहानेस.

आपल्या वाचकाला इथे सावित्री आठवेल. मलाही आठवली. पण सावित्री नवऱ्यासाठी यमाशी बोलली आणि त्याला परत घेऊन आली. लग्न ठरलेल्या मुलीसाठी मृत्यूशी सौदा करणाराही महाभारतात आहे, आदिपर्वातला रुरू. त्यानं प्रमद्वरेसाठी आपलं अर्धं आयुष्य देऊ केलं आणि ती उठून बसली. नांगऱ्याला असा सौदा मिळत नाही. तो हरतो, त्याला ठाऊक असतं की तो हरणार, आणि तरीही तो तेहतीस प्रकरणं उभा राहतो. आणखी एक जागा वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. तुम्ही दिसता कसे, असं विचारल्यावर मृत्यू सांगतो की रोममधल्या एका देवळाच्या भिंतीवर आमचं चित्र होतं: बैलावर बसलेला, डोळे बांधलेला माणूस, उजव्या हातात कुदळ, डाव्या हातात फावडं. आपला यम रेड्यावर बसून येतो.

या लेखकाचं एक लॅटिन पत्र १९३३ साली उजेडात आलं. त्यात तो प्रागच्या मित्राला कळवतो की या पुस्तकात मी भाषेच्या अलंकारांचे नमुने मांडले आहेत. तेव्हापासून काही अभ्यासक म्हणत आले की हे दुःख खरं नसावं, ही वक्तृत्वाची कसरत आहे. मला हे पटत नाही. आमच्या टूलरूममधल्या एका सहकाऱ्यानं आईच्या फोटोसाठी मिलिंग मशीनवर पितळी चौकट केली होती. चारही कोपऱ्यांत केसाएवढी फट नव्हती. ती बघून याला आई गेल्याचं काही वाटलेलं नाही, असं कोणीही म्हणालं नाही.

१४६०च्या सुमाराला बांबेर्गच्या आल्ब्रेख्ट फिस्टर या मुद्रकानं हे पुस्तक लाकडी ठशांच्या चित्रांसह छापलं. छापील मजकूर आणि छापील चित्र एकत्र आलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी हे एक. चेक भाषेत त्याला लगेच एक भावंडही झालं, ‘त्काद्लेचेक’, म्हणजे छोटा विणकर. त्यात प्रेयसी सोडून गेलेला विणकर दुर्दैवाशी भांडतो.

आता मुद्द्याचं. हे पुस्तक मराठीत यायला हवं, आणि ते इंग्रजीतून नव्हे तर थेट जर्मनमधून यायला हवं. कारण सांगतो. मृत्यू स्वतःला सतत ‘आम्ही’ म्हणतो, राजासारखा. नांगऱ्याला तो ‘तू’ म्हणतो. नांगऱ्या मृत्यूला इतके शाप देतो, पण संबोधतो ‘तुम्ही’. न्यायासनापुढची अदब आणि पोटातला संताप एकाच वाक्यात. आजच्या इंग्रजीत या तिन्ही गोष्टी ‘वुई’ आणि ‘यू’मध्ये विरघळून जातात. मराठीला मात्र काहीच करावं लागत नाही. आम्ही, तुम्ही, तू आपल्या जिभेवर आयते बसलेले आहेत.

म्हणून मी स्वतःच वहीत अनुवाद सुरू केला. शीर्षकापासून अडलो. ‘शेतकरी’ म्हटलं की आजचे सगळे प्रश्न डोळ्यांपुढे येतात, ‘कुणबी’ म्हटलं की जात येते. शेवटी ‘नांगऱ्या’ ठेवलं. पहिल्या प्रकरणात ‘हे सर्वविनाशका’ असं काहीतरी लिहिलं होतं. ते सासवडला जाऊन आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, वाचून दाखवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, दोन माणसं स्वतःच्या हातानं पोचवलेली. ऐकून म्हणाली, ‘रडणारा माणूस विनाशका म्हणतो होय? मुडद्या म्हणतो.’ मी सांगितलं, हा मृत्यूला ‘तुम्ही’ म्हणतो, मुडद्या बसत नाही. तिनं थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, ‘मग तुमचं वाटोळं होवो म्हण.’ आदर राहिला, शापही राहिला. ती ओळ तशीच ठेवली आहे.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं हेच सांगून ठेवलं आहे. वार्टबुर्गच्या गढीत लपून राहिलेला असताना त्यानं साधारण अकरा आठवड्यांत बायबलचा नवा करार जर्मनमध्ये आणला आणि तो सप्टेंबर १५२२ मध्ये छापून निघाला. पुढे १५३० साली अनुवादाविषयीच्या खुल्या पत्रात तो लिहितो की जर्मन कसं बोलावं हे लॅटिन अक्षरांना विचारू नये. घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारावं, त्यांच्या तोंडाकडे बघावं. त्याच शतकात पैठणला एकनाथ संस्कृतचा अभिमान धरणाऱ्यांना मराठीच्या बाजूनं जाब विचारत होते. धर्म वेगळा, वाद वेगळे, पण आईच्या तोंडच्या भाषेवरचा विश्वास दोघांचा सारखाच.

आमच्या सोसायटीत एक मुलगी आहे, परिचारिका, बी-टूची तयारी करते आहे. उल्मला जायचं चाललं आहे. रविवारी सकाळी ती माझ्याकडे उच्चार पक्के करायला येते. मी एकदा तिला मृत्यूचं एक वाक्य दाखवलं, जन्मल्याजन्मल्या मरणाच्या सौद्याचा पेला पिऊन बसलेल्या माणसाचं. जुन्या जर्मनमध्ये ते ‘आल्स बाल्डं’नं, म्हणजे ‘होताक्षणी’नं, सुरू होतं. तिनं बघितलं आणि म्हणाली, ‘काका, हे तर आमचं झोबाल्ट! बी-वनलाच होतं.’ आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करणारी मुलगी आहे ती. त्या वाक्याचा अर्थ तिला मी काय सांगणार? जाताना तिनं विचारलं, हे कुठल्या परीक्षेला येतं का. येत नाही, म्हणालो. मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणि उल्मचं नाव निघालं म्हणून सांगतो, कारण लेखात हे कुठेच नव्हतं. ज्या व्युर्टेंबर्गला आपली मुलं निघाली आहेत, तिथे आपलं पंचतंत्र साडेपाचशे वर्षांपूर्वी जाऊन पोचलं आहे. व्युर्टेंबर्गचा काउंट एबरहार्ट, ज्यानं १४७७ साली ट्युबिंगनचं विद्यापीठ स्थापलं, त्याला लॅटिन येत नव्हतं. त्याच्यासाठी रोटेनबुर्गचा धर्मगुरू आंटोन फॉन फोर यानं ‘प्राचीन शहाण्यांच्या दाखल्यांचं पुस्तक’ जर्मनमध्ये केलं. ते १४८०च्या आसपास उराख गावी छापलं गेलं आणि १४८३ साली उल्मला सुरेख चित्रांसह. हे पुस्तक म्हणजे आपलं पंचतंत्र. सहाव्या शतकात इराणच्या बुर्झोयानं ते पहलवीत, म्हणजे जुन्या फारसीत, नेलं, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फानं अरबीत, तिथे करटक-दमनकांचे कलीला-दिम्ना झाले. पुढे हिब्रू, हिब्रूतून योहानेस ऑफ कापुआचं लॅटिन, लॅटिनमधून ही जर्मन. मनोराज्य करणाऱ्या ब्राह्मणाच्या मडक्यातलं सातूचं पीठ वाटेत कुठेतरी गेलं आणि मध आला, पण काठी लागून मडकं फुटायचं ते फुटलंच.

या प्रवासाचा पहिला सविस्तर माग काढला गटिंगनच्या थिओडोर बेन्फाय यानं, १८५९ साली, आपल्या जर्मन पंचतंत्राच्या प्रस्तावनेत. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६९ साली, मुंबई संस्कृत मालेत पंचतंत्राचं पहिलं तंत्र संपादित होऊन आलं. संपादक होते फ्रान्त्स कीलहॉर्न, आपल्या डेक्कन कॉलेजातले संस्कृतचे प्राध्यापक. १८६६ ते १८८१ ते पुण्यात होते. म्हणजे उल्मच्या त्या पुस्तकाचं मूळ पुण्यात एका जर्मन माणसानं हातात धरून पाठभेद तपासत वाचलेलं आहे. आणि त्याच पुण्यात आज आपण मुलांना सांगतो की जर्मन म्हणजे व्हिसा.

मी नोकरीसाठी भाषा शिकण्याच्या विरोधात नाही. मी स्वतः नोकरीसाठीच शिकलो. माझं म्हणणं एवढंच आहे की वर्ग घेणाऱ्यांनी महिन्यातला एक तास या जुन्या जर्मनला द्यावा. उल्मला जाणाऱ्या मुलीला उल्मचं पंचतंत्र माहीत असावं. न्युर्नबेर्गला जाणाऱ्या मुलाला हान्स झाक्स माहीत असावा. १४९४ साली जन्मलेला हा चांभार जोडे शिवता शिवता गाणी रचत राहिला आणि १५६७ साली त्यानं स्वतःच मोजदाद केली तेव्हा नुसती गीतंच चार हजारांवर भरली. गोरा कुंभार, सावता माळी, नामा शिंपी यांच्या भाषेत वाढलेल्या मुलाला त्याची ओळख करून द्यायला किती वेळ लागेल? त्या मुलाला तिथल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बोलायला हवामानापलीकडचं काहीतरी सापडेल. मला १९८६ साली ते सापडलं नव्हतं. मिस्त्रीनं पुस्तिका दिली तेव्हा मला त्याला काय म्हणावं ते सुचलं नाही. नुसतं ‘डांके’ म्हणून निघालो.

दुसरी विनंती आपल्याला. पुरवणीत दर रविवारी अनुवादाचं अर्धं पान असतं. त्यात जर्मनमधून आलेलं जे काही मी वाचलं ते विसाव्या शतकातलं आणि बहुतेक इंग्रजीवाटे आलेलं. पुण्यात जुनी जर्मन वाचू शकणारी माणसं आहेत. त्यांच्याकडून लिहवून घ्यावं. मी त्यांच्यापैकी नाही, माझं जुनं जर्मन पुस्तिकेतल्या समोरच्या पानाच्या आधारानं चालतं. तरी पहिल्या दोन प्रकरणांचा माझा मसुदा सोबत जोडला आहे. जाणकारांनी तपासून, हवा तसा दुरुस्त करून घ्यावा. एकूण एकोणीस प्रकरणं झाली आहेत.

एका शब्दावर मात्र सहा महिने अडलो आहे आणि त्यासाठी आपल्या वाचकांची मदत हवी आहे. दुसऱ्या प्रकरणात मृत्यू शाप ऐकून आधी आश्चर्य करतो, मग नांगऱ्याला विचारतो, तू कोण, आमच्याकडून तुझं काय वाईट झालं ते सांग. तिथे तो त्याला हाक मारतो ‘झून’, म्हणजे मुलगा. ‘पुत्रा’ पुराणातलं वाटतं. ‘बाळा’मध्ये माया जास्त होते, पण मृत्यूला माया नसेलच असं मला खात्रीनं म्हणवत नाही. ‘पोरा’ जवळचं आहे. आक्का म्हणते ‘लेकरा’. ज्यांनी असं माणूस गमावलं आहे त्यांनी हे वाक्य मनात म्हणून बघावं आणि त्यांना कोणता शब्द ऐकू येतो ते आपल्या पत्त्यावर कळवावं.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार
कोथरूड, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)